प्रकाशाला वाट देणारे प्लास्टिक

भारतनेट प्रकल्पातून ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यात येणाऱ्या प्रकाशतंतूचा गाभा शुद्ध काचेचा असतो. काचेतील अशुद्धी दूर केल्यास तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने दूरवर संदेश धाडता येतील, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. इमारतीच्या आत वळणावळणाने तार न्यावयाची असल्यास मात्र हा तंतू अडचणीचा ठरतो. तो जोडण्यास कसबी हात व महाग उपकरणे लागतात. प्लास्टिकचा तंतू लवचिक आणि जोडण्यास सोपा असतो. मग सर्वत्र तोच का वापरीत नाहीत?

प्रकाश कोठे हरवतो?

याचे उत्तर रेणूंच्या रचनेत आहे. प्लास्टिक म्हणजे बहुवारिक, अर्थात रेणूंची लांबच लांब साखळी होय. नेहमीच्या ॲक्रिलिक तंतूत कार्बनला हायड्रोजनचे अणू जोडलेले असतात. हायड्रोजन अतिशय हलका असल्यामुळे हा बंध वेगाने कंप पावतो आणि संदेशवहनास उपयुक्त असा अवरक्त प्रकाश शोषून घेतो. हायड्रोजनच्या जागी जड फ्लोरीन बसविला की कंपने मंदावतात आणि शोषण अधिक लांबीच्या तरंगांकडे सरकते. संदेशाची वाट त्यामुळे मोकळी होते.

फरक किती पडतो? ॲक्रिलिक तंतूत तांबडा प्रकाश सुमारे २० मीटर अंतरात निम्मा होतो. चांगल्या फ्लोरीनयुक्त तंतूत अवरक्त प्रकाश निम्मा होण्यास १०० मीटर वा त्याहून अधिक अंतर लागते. उत्तम काचतंतूत हेच अंतर सुमारे १५ किलोमीटर असते.

दुधी टेफ्लॉन ते पारदर्शक तंतू

फ्लोरीनयुक्त बहुवारिक नवे नाही. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये टेफ्लॉन गवसले. परंतु त्यातील सूक्ष्म स्फटिकांमुळे प्रकाश विखुरतो व पदार्थ दुधी दिसतो. जपानमधील असाही ग्लास कंपनीने ‘सायटॉप’ या पदार्थाच्या साखळीत वलये गुंफून स्फटिक बनू दिले नाहीत. केओ विद्यापीठातील प्राध्यापक यासुहिरो कोइके यांनी अशा पदार्थांपासून तंतू घडविण्याचे कार्य पुढे नेले. सायटॉपचा वक्रीभवनांक सुमारे १.३४, म्हणजे बराच कमी आहे. प्रकाश गाभ्यातच कोंडून ठेवण्यासाठी बाहेरील आवरणाचा वक्रीभवनांक कमी असावा लागतो. म्हणून ॲक्रिलिक तंतूंच्या आवरणासाठीही फ्लोरीनयुक्त बहुवारिके वापरतात.

गुणाची दुसरी बाजू

कार्बन व फ्लोरीन यांचा बंध फार बळकट असतो. त्यामुळे हे पदार्थ टिकाऊ ठरतात; पण त्याच कारणाने ते निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. अशा संयुगांच्या मोठ्या गटावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपातील पाच देशांनी २०२३ मध्ये मांडला. हे पदार्थ जाळल्यास विषारी वायू निर्माण होतात.

तेव्हा गावोगाव जोडण्यास काच आणि इमारतीतील अल्प अंतरास प्लास्टिक, हा विवेक योग्य होय. कार्यालयांनी व शाळांनी टाकाऊ तारा उघड्यावर न जाळता अधिकृत संकलकाकडेच सोपविल्या पाहिजेत.