ऐकलेले सांगावे, सांगितलेले लिहावे

'धडा पाठ झाला का?' असे आपण मुलांना रोज विचारतो. 'तुला काय कळले ते तुझ्या शब्दांत सांग,' असे क्वचितच म्हणतो. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जी पद्धत घालून दिली, तिच्यात या सांगण्याला मोठे स्थान होते. त्यांचे 'होम एज्युकेशन' हे पुस्तक १८८६ सालचे.

पद्धत साधी आहे. चांगल्या पुस्तकातला उतारा एकदाच वाचायचा. पुन्हा वाचणार हे ठाऊक असले, की लक्ष सैल पडते. मग पुस्तक मिटायचे आणि मुलाने सांगायचे. मध्ये टोकायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. दुरुस्ती करायची ती सांगून झाल्यावर. काय घ्यायचे, काय सोडायचे, आधी काय आणि नंतर काय, हे सारे मुलालाच ठरवावे लागते. प्रश्नोत्तरांत हे काम प्रश्न काढणाराच करून टाकतो.

सहा वर्षांच्या आधी सक्ती नको, असे मेसनबाईंचे मत. लिहिणे साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास. त्यांच्या टपालाने चालणाऱ्या शाळेत लहान मुले परीक्षेची उत्तरे तोंडी सांगत आणि घरातले मोठे माणूस ती उतरवून घेई. हात अक्षराशी झगडत असला, तरी विचार अडत नसे.

किशोरवयात नुसता गोषवारा पुरत नाही. तोच मजकूर एखाद्या पात्राचे पत्र, रोजनिशी किंवा दोन बाजूंचा वाद म्हणून लिहायला द्यावा. तोंडी सांगणे तरीही सोडू नये. बोलून पाहिलेले वाक्य कागदावर सरळ उतरते.

आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि मी कविता लिहितो ती मराठीत. म्हणून मला वाटते, मुलाला आधी घरच्या बोलीत सांगू द्यावे आणि मग पुस्तकी भाषेत लिहू द्यावे. मुख्य म्हणजे, ऐकायला बी.ए. लागत नाही. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा मुलाचे वाचन एकदा ऐकून, मग त्याचे सांगणे ऐकू शकते. गोष्ट कुठे तुटली, हे तिला बरोबर कळते. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे.

आज जेवणे झाल्यावर एक पान वाचा, पुस्तक मिटा आणि गप्प बसा. पुढचे मूल सांगेल.