होकायंत्राला लोखंडाचं वावडं. बोट असो की फवारणीचा ड्रोन, नियम एकच

पहूर (ता. जामनेर), वार्ताहर : कपाशीवर, केळीवर फवारणीसाठी आता गावोगाव ड्रोन येऊ लागले आहेत. बचत गटाच्या महिलांना ड्रोन देण्यासाठी केंद्राने 2023 मध्ये नमो ड्रोन दीदी योजना आणली. 15 हजार गटांचं उद्दिष्ट, 80 टक्के आणि जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत. मात्र ड्रोन चांगला उडता उडता मध्येच गोल गोल फिरू लागतो, सरळ ओळ सोडून शेजारच्या वावरात शिरतो, अशी तक्रार ऐकू येते. मग दोष जीपीएसला दिला जातो. बऱ्याचदा तो होकायंत्राचा असतो.

जीपीएस फक्त जागा सांगतं, म्हणजे ड्रोन शेताच्या कोणत्या ठिकाणी आहे ते. हवेत एका जागी थांबलेल्या ड्रोनचं तोंड पूर्वेला आहे की दक्षिणेला, हे साध्या जीपीएसला कळत नाही. ते काम इलेक्ट्रॉनिक होकायंत्राचं. यात सुई नसते, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी लहानशी चिप असते. तशीच चिप आपल्या मोबाईलमध्येही आहे. मोबाईलवर होकायंत्र उघडा आणि ट्रॅक्टरच्या बोनेटजवळ न्या. उत्तर दिशा जागा सोडते की नाही ते पाहा. चुंबकाचं बटण असलेलं कव्हर असेल तर ते आधी काढा, नाहीतर सगळंच खोटं.

हे यंत्र बसवायचं कसं, याचे नियम बोटवाल्यांनी फार आधी घालून घेतले. गोव्यात बांधलेल्या म्हादेई बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्या माणसाला झोप घ्यायची तर सुकाणू यंत्राच्या हवाली करावं लागतं, आणि दिशा सांगणारं होकायंत्रच चुकलं तर झोपेतच बोट भलतीकडे. म्हणून बोटीवर होकायंत्राची डबी इंजिन, बॅटरी, स्पीकर आणि नांगराची साखळी यांच्यापासून निदान हात-दोन हात लांब बसवतात. बोटीच्या मधल्या रेषेवर आणि खालच्या बाजूला, म्हणजे लाटेवर हेलकावा कमी बसतो. डबीवरचा बाण बोटीच्या नाळेकडे. स्क्रू पितळी किंवा चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टीलचे. बोटच लोखंडी असेल तर डबी वर, डोलकाठीवर जाते.

वायरिंगमध्ये तर बरेच जण फसतात. वायरमधून करंट वाहतो तेव्हा तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं. 30 अँपिअर वाहणाऱ्या एकट्या वायरपासून 10 सेंटीमीटरवर ते 60 मायक्रोटेस्ला भरतं. आपल्याकडे पृथ्वीचं सगळं मिळून 40 च्या आसपास. म्हणजे वायर पृथ्वीला हरवते! यावर उपाय सोपा आहे. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन न्यायची. दोन्हींतला करंट उलट दिशेने असल्याने चुंबकत्व बरंचसं आपसांत कटतं. होकायंत्राला स्वतःचा लहान फ्यूज द्यायचा आणि त्याची केबल मोटरच्या जाड केबलला चिकटवायची नाही. शेवटी शांत पाण्यात बोट सावकाश पूर्ण गोल फिरवायची. त्यावरून बोटीवरच्या लोखंडाचा परिणाम किती, हे यंत्र ओळखतं आणि वजा करतं. नंतर डबीशेजारी लोखंडी पेटी आणून ठेवली तर ही मेहनत वाया.

ड्रोनचंही हेच. अनेक ड्रोनवर होकायंत्र जीपीएससोबत उंच दांडीवर असतं. ती शोभेसाठी नसते, बॅटरीच्या जाड वायरींपासून लांब राहण्यासाठी असते. दुरुस्तीत दांडी वाकली किंवा वायरी इकडच्या तिकडे झाल्या, तर कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. ते करायची जागा मोकळं वावर. स्लॅबवर नको, आत सळई असते. पत्र्याच्या शेडजवळ, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलच्या बाजूला, विजेच्या तारांखाली तर नकोच. स्क्रीनवर होकायंत्राची सूचना आली की 'उडव, काही होत नाही' म्हणणाऱ्याचं ऐकू नये. उडताना ड्रोन गोल फिरू लागला तर चालकाने हाती ताबा घेऊन तो उतरवावा.

विजेचा हा त्रास जुना आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जायचं. ट्रामगाड्या विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा मोजमाप बिघडेल म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेलं. तिथल्या इमारतीत लोखंड टाळलं. मोजणी आजही तिथेच चालते.

खानदेशात एक सोय आहे. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे एक अंशाचाही फरक पडत नाही. त्यामुळे मोबाईल खरं बोलतो का, हे रात्री वावरात ध्रुवताऱ्याकडे धरून तपासता येतं. पहूर शिवारातून तो क्षितिजापासून सुमारे 21 अंश वर दिसतो. मात्र मोटारसायकल बांधावर लांब लावून या.