इंग्रजीतील वचनमेळ आणि मराठी भाषकाची अडचण

अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे इंग्रजी व मराठी या भाषांचा शिक्षणक्षेत्रातील संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य येथे १८३१ मध्ये सुरू झाले व ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघू लागले. तथापि या जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडून इंग्रजी लेखनात कर्ता व क्रियापद यांच्या वचनांचा मेळ चुकला, तर त्याला नियम ठाऊक नाही किंवा तो निष्काळजी आहे, असे आजही सहज म्हटले जाते. हे निदान अपुरे होय. वचनमेळाचे नियम मराठीत इंग्रजीहून अधिक विस्तृत आहेत. आणि पुष्कळदा चूक होते ती मातृभाषेचे नियम इमानाने पाळल्यामुळेच.

प्रथम, वचन वाक्यात कोठे दिसते हे पाहू. ‘बैल आला’ व ‘बैल आले’ या वाक्यांत नामाचे रूप एकच आहे; वचन कळते ते क्रियापदावरून. आकारान्त सोडून बहुतेक पुल्लिंगी नामांची हीच स्थिती आहे. इंग्रजीत हा भार मुख्यतः नामावर पडतो. ‘द बॉय केम’ व ‘द बॉइज केम’ यांत क्रियापद अचल राहते. ‘शीप’सारखी दोन्ही वचनी सारखी राहणारी नामे तेथे अपवाद ठरतात, मराठीत तो एक मोठा वर्ग आहे. शिवाय वर्तमानकाळात ‘स’काराचा उलट व्यवहार चालतो. नामास लागला तर तो अनेकवचन दाखवितो, क्रियापदास लागला तर तृतीय पुरुषी एकवचन. तेव्हा ‘स’कार म्हणजे अनेकवचन अशी समजूत झालेला विद्यार्थी ‘द बॉइज रन्स’ असे लिहितो, यात नवल नाही.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. क्रियापद कोणत्या नामाच्या अधीन असते? इंग्रजीचे उत्तर एकच: कर्त्याच्या. मराठीत ते प्रयोगावर अवलंबून असते. ‘मुलगा पुस्तके वाचतो’ येथे क्रियापद कर्त्यानुसार चालते. ‘मुलाने पुस्तके वाचली’ येथे कर्मानुसार. आणि ‘मुलाने बैलांना हाकले’ येथे कोणाच्याच अधीन न राहता नपुंसकलिंगी एकवचनी राहते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगविचाराची सविस्तर चर्चा आहे. स्थूलमानाने असे म्हणता येईल की, ज्या नामास विभक्तिप्रत्यय लागलेला नाही, त्याच्याकडे मराठी क्रियापद पाहते.

याच सवयीने इंग्रजीतील एका प्रसिद्ध चुकीचा उलगडा होतो. ‘पुस्तकांची यादी मेजावर आहे’ यात ‘पुस्तकांची’ हे पद प्रत्ययामुळे आपोआप बाजूस पडते. ‘द लिस्ट ऑफ बुक्स इज ऑन द टेबल’ यात मात्र ‘बुक्स’ हे प्रत्ययरहित नाम क्रियापदाच्या अगदी शेजारी उभे असते, आणि लेखणीतून ‘आर’ उतरते. ही चूक इंग्रजी मातृभाषा असणारेही करतात; परंतु मराठी भाषकाची प्रत्यय पाहण्याची सवय तिला अधिक बळ देते.

तिसरी अडचण आदरार्थी अनेकवचनाची. ‘वडील आले’ असे म्हणणारा मराठी भाषक ‘आई आली’ असे म्हणतो; येथे वचन संख्या दाखवीत नाही, नाते दाखविते. म्हणून वडिलांविषयी इंग्रजीत ‘हॅज’ लिहिताना त्याला संकोच वाटावा, हे स्वाभाविक आहे. इंग्रजीतही असा व्यवहार एके काळी होता. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन आदरार्थ एका व्यक्तीस लावले जाऊ लागले व पुढे प्रमाण भाषेतून ‘दाउ’ हे एकवचन लुप्त झाले. आज एकाच व्यक्तीस उद्देशूनही ‘यू आर’ म्हणतात, ते यामुळेच.

यावरून अध्यापनाची दिशा स्पष्ट होते. नियमाचे पाठांतर करवून घेण्यापूर्वी दोन्ही भाषांतील वाक्ये शेजारी मांडावीत, ‘ऑफ’पासून सुरू होणारा पदसमूह कंसात घालून कर्ता वेगळा काढण्यास शिकवावे, आणि विद्यार्थ्याच्या चुकीमागे त्याच्या भाषेचा कोणता नियम उभा आहे हे त्यालाच शोधावयास लावावे. ज्याला आपले व्याकरण उमगले, त्याला परभाषेचे व्याकरण परके राहत नाही.