दुपारचा लोड

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातल्या ज्या कंट्रोल रूममध्ये मी बसलो होतो, तिला खिडकी नाही. बाहेर ऊन किती चढलंय ते आतल्या माणसाला पडद्यावरच्या आकड्यांवरून कळतं. हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी ५०० मेगावॉटचा संच जवळजवळ भरात चालला होता. अकराच्या आसपास ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून सूचना आली: लोड उतरवा. डेस्कवरच्या इंजिनिअरने चहाचा कागदी कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, “चला, सूर्य उगवला आमचा.”

याला सगळे ‘बॅकडाउन’ म्हणतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडलेले असतात आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये कोणत्या संचाने किती वीज द्यायची हे ठरवून दिलेलं असतं. स्वस्त वीज आधी घ्यायची, महाग नंतर. सौर वीज ‘मस्ट रन’ असते, म्हणजे आली की घ्यायचीच. ती भरभरून यायला लागली की कोळशाच्या संचांनी जागा करून द्यायची. खाणींपासून लांब असलेल्या नाशिक-परळीसारख्या केंद्रांच्या विजेवर कोळशाचं रेल्वेभाडं चढतं, म्हणून ही पाळी त्यांच्यावर आधी येते. चंद्रपूर खाणींच्या तोंडाशी आहे, इथली वीज त्या मानाने स्वस्त पडते. तरी दुपार आता चंद्रपूरलाही चुकत नाही.

लोड उतरवणं म्हणजे एखादं बटण फिरवणं असेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आत बसल्यावर कळतं की ही एका मोठ्या आगीशी चाललेली वाटाघाट आहे. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण लोडवर तासाला सुमारे साडेतीनशे टन कोळसा खातो. हा कोळसा मिलमध्ये पिठासारखा दळून, गरम हवेच्या झोतावर बॉयलरमध्ये फुंकला जातो. मिल एकावर एक अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर कोळसा देतात, त्या पातळ्यांना इथे ‘एलिव्हेशन’ म्हणतात. लोड उतरवायचा तर एकेक मिल बाहेर काढायची.

मी पाहिलं ते असं. आधी त्या मिलच्या फीडरचा वेग हळूहळू कमी केला. मग गरम हवेचा डँपर थोडा थोडा मिटत, थंड हवेचा उघडत मिलचं तापमान खाली आणलं. मिलच्या पोटात उरलेला कोळसा झोतानं निघून जाईपर्यंत थांबायचं, मगच ती बंद करायची. घाई केली आणि आत गरम भुकटी राहिली, तर ती तिथेच धुमसते. हे चालू असताना डेस्कवरच्या दोघांचे डोळे तीन ठिकाणी होते: ड्रममधल्या पाण्याच्या पातळीवर, भट्टीच्या दाबावर आणि ज्योत ओळखणाऱ्या स्कॅनरच्या दिव्यांवर. भट्टीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाण्याच्या पाच-दहा मिलिमीटरइतका कमीच ठेवायचा असतो. तो वर गेला तर आग झडपांमधून बाहेर डोकावते, फार खाली गेला तर संच ट्रिप होतो. ३५० मेगावॉटच्या खाली उतरल्यावर एका कोपऱ्यातल्या स्कॅनरचा दिवा लुकलुकायला लागला. ज्योत आहे की नाही, यंत्राची खात्री पटेना. सीनिअर म्हणाले, “गन टाक.” दुसऱ्याने ऑइल गन घेतली, आणि तेलाच्या ज्योतीच्या आधाराने कोळशाची ज्योत सावरली.

हे तेल महाग. शिवाय स्वच्छ विजेला वाट करून देण्यासाठी इथे तेल जाळावं लागतं, हा विरोधाभास कंट्रोल रूममध्ये कोणी बोलून दाखवत नाही, रोजचाच झालाय.

२७५ मेगावॉटवर, म्हणजे क्षमतेच्या ५५ टक्क्यांवर, संच थांबला. बरीच वर्षं ही खालची मर्यादा मानली गेली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नियम काढले की कोळशाच्या संचांनी ४० टक्क्यांपर्यंत उतरता आलं पाहिजे. या संचाच्या बाबतीत म्हणजे २०० मेगावॉट. कागदावर हा ७५ मेगावॉटचाच फरक दिसतो. बॉयलरमध्ये मात्र तेवढ्यानं बरंच काही बदलतं. टर्बाइन तसंच मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असतं, पण वाफ कमी, आणि तिचं तापमान ५४० अंशांच्या जवळ टिकवताना नाकी नऊ येतात. बर्नरची तोंडं वर वळवून आगीचा गोळा वरच्या नळ्यांकडे ढकलायचा, असले उपाय चालू असतात. पंख्यांची आणि पंपांची भूक लोडच्या प्रमाणात उतरत नाही, त्यामुळे संच स्वतःचीच वीज जास्त खातो आणि दर युनिटला कोळसाही जास्त लागतो.

खरी भीती मात्र धातूची. ड्रमची आणि टर्बाइनच्या कवचाची भिंत जाड असते. रोज दुपारी निववायची, रोज संध्याकाळी तापवायची. हे संच बांधले तेव्हा ते बेस लोडसाठी होते. एकदा पेटवले की महिनोन्‌महिने एका लयीत चालायचे. तापण्या-निवण्याच्या या खेळात नळ्यांचे जोड थकतात. कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, वाफेचा फुत्कार शेजारची नळी कापत जातो आणि पूर्ण संच बंद करून बॉयलर थंड व्हायची वाट पाहावी लागते. ‘ट्यूब लीकेज’ हा शब्द इथे हलक्या आवाजात उच्चारला जातो.

जिना चढून बंकरच्या, म्हणजे मिलना कोळसा पुरवणाऱ्या कोठ्यांच्या, मजल्यावर गेलो. तिथला कंत्राटी कामगार बंद मिलच्या बंकरजवळ उभा होता. “चालू मिलचा कोळसा खाली सरकत राहते, सर. बंद मिलचा पडून राहते. पडून राह्यला का आतल्या आत तापते मंग.” पावसाळ्यात हाच कोळसा ओला येतो आणि चिकटतो, तेव्हा बंकरवर हातोडे मारावे लागतात. त्याच्या तोंडावर मास्क होता, पण बोलताना तो खाली ओढलेलाच.

ही दुपार आली कुठून? महाराष्ट्रात तिचा उगम शेतीपंपात आहे. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला दिवसा आठ किंवा रात्री दहा तास अशी पाळीने वीज मिळायची, आणि रात्रपाळीत विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाणं हे ठरलेलं. दिवसा वीज द्या, ही मागणी जुनी. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात झाली, आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला: उपकेंद्रांच्या आसपासच्या जमिनीवर छोटे छोटे सौर प्रकल्प, एकूण १६,००० मेगावॉटच्या घरातलं उद्दिष्ट, जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. महावितरणने रात्रीचे पंप दिवसावर आणले तर सौर वीज जागच्या जागी खपते. एवढा नेमका हिशेब सरकारी योजनेत क्वचित दिसतो, हे कबूल करायला हवं. ज्या शेतकऱ्याच्या पंपासाठी कोळशाचे संच रात्री चालत, तोच पंप आता दुपारी उन्हावर चालतो आहे.

महानिर्मिती ही यात दोन्ही बाजूंना आहे. कंपनी २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचं विभाजन होऊन जन्मली. चंद्रपूरचे २९२० मेगावॉट तिचे, कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच तिचे, आणि धुळे जिल्ह्यात साक्रीजवळचं १२५ मेगावॉटचं सौर केंद्रही तिचंच. एकाच कंपनीच्या एका खात्याने वीज वाढवली की दुसऱ्या खात्याने उतरवायची.

अशा वेळी मधली कडी म्हणून सगळीकडे वायूचं नाव घेतात. वायूचं टर्बाइन चटकन पेटतं, चटकन विझतं, राख नाही. महाराष्ट्राकडे ही कडी आहेही. उरणला ६७२ मेगावॉटचं केंद्र आहे, चार वायू टर्बाइन आणि त्यांच्या गरम धुरावर चालणारे दोन वाफेचे संच. समुद्रातला वायू दारात येत असूनही ते पूर्ण क्षमतेने चालावं इतका वायू त्याच्या वाट्याला येत नाही. दाभोळची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे: एन्रॉन, १९९९ मध्ये सुरू, २००१ मध्ये बंद, मग २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी उभी केलेली रत्नागिरी गॅस कंपनी, १९६७ मेगावॉट. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि ते केंद्र पुन्हा रिकामं बसलं. आयात वायूवरची वीज इतकी महाग पडते की यादीत तिचा नंबर लागेपर्यंत रात्र सरून जाते. पुस्तकातला ‘कोळशाकडून वायूकडे’ हा प्रवास आपल्याकडे मध्येच अडकलाय, तो असा. दुसऱ्या देशांच्या नकाशावर आखलेला रस्ता आपल्या जमिनीवर असेलच असं नाही.

वायूचं काम आपल्याकडे पाणी करतं. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि घराघरांत दिवे, टीव्ही, गिझर सुरू होतात, तेव्हा ऐरोलीचा पहिला हात कोयनेकडे जातो. चौथ्या टप्प्यातले २५० मेगावॉटचे चार संच काही मिनिटांत भरात येतात. पण कोयनेचं पाणी मोजून मिळतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिले आहेत, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी खातं तपासूनच चेक फाडावा लागतो. म्हणून आता सगळ्यांची नजर घाटघरकडे. तिथे दुपारच्या फालतू विजेने पाणी घाटाखालून वर चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडायचं. २५० मेगावॉटचं हे केंद्र २००८ पासून आहे. सह्याद्रीच्या कड्यावर अशा आणखी प्रकल्पांचे करार झालेत, टाटा पॉवरचे भिवपुरी आणि शिरवट्याचे त्यांतले दोन. होतील तेव्हा होतील.

तोवर भार चंद्रपूरवर. साडेपाचला मी बाहेर आलो तर सूर्य टेकला होता. चंद्रपूर मुंबईच्या इतकं पूर्वेला आहे की इथे तो जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी मावळतो. खानदेशातली पॅनेलं अजून थोडी वीज देत असतील. आत आलो तेव्हा चढण सुरू झाली होती. दुपारी बाहेर काढलेली मिल पुन्हा गरम करून घेतली जात होती. उतरण्यापेक्षा चढणं घाईचं, कारण खाली मागणी थांबून राहत नाही. भिंतीवरचा फ्रिक्वेन्सीचा लाल आकडा ४९.९० च्या आसपास घुटमळत होता. तो ५० च्या जवळ राहावा म्हणून राज्यभरातल्या अशाच खोल्यांमध्ये माणसं एकाच वेळी मिल चढवत होती. फोन वाजत होता. चहा तसाच.

चढण पार पडल्यावर मी कोराडीचा विषय काढला. तिथे ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच मंजूर आहेत, जुन्यांच्या जागी. नागपूरकरांचा राखेवरून, धुरावरून विरोध आहे आणि तो रास्त आहे. वीज घेतली नाही तरी संचाचा स्थिर आकार ग्राहकाच्या बिलात येतोच; दाभोळने हा धडा आपल्याला फार महागात शिकवलाय. पंचवीस-तीस वर्षं चालायचा संच दुपारभर अर्धपोटी ठेवायचा असेल, तर त्याचं गणित बसतं कसं, हे मला कळत नाही, असं मी म्हणालो.

सीनिअर ड्यूटी संपवून लॉगबुकात लिहीत होते. “बांधायचं की नाही ते मुंबईत ठरते. आमची मागणी एवढीच आहे जी, बांधणार असाल तर पहिल्या दिवसापासून चाळीस टक्क्यांवर बिनातेलाचा उभा राहील असा बांधा. बेस लोडचा बांधायचा आणि मग आम्हाला सांगायचं, रोज उतरवा, हे नको.” मग त्यांनी बंद राहिलेल्या बंकरचा नंबर नोंदवला, त्यापुढे ‘वास येतो, पुढच्या शिफ्टने आधी हाच रिकामा करावा’ असं लिहिलं आणि सही केली.