अँडरसनबाईंचा विराम

१९४० च्या सप्टेंबरात लंडनवर जर्मन बॉम्बवर्षाव सुरू झाला, तेव्हा सीबीएस रेडिओवरून वार्ताहर एडवर्ड मरोचा आवाज अमेरिकेत घरोघर पोचत होता. सुरुवात ठरलेली: ‘धिस... इज लंडन.’ पहिल्या शब्दावर वजन, मग क्षणभर शांतता. रेडिओ ऐकणाऱ्याजवळ फक्त कान असतो. त्या शांततेत त्याच्या हातातलं काम थांबायचं. हा विराम सुचवला होता मरोच्या शिक्षिकेने.

आयडा लू अँडरसन वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या सरकारी कॉलेजात वक्तृत्व शिकवत. लहानपणी पोलिओ झाल्याने पाठीचा कणा वाकलेला, शरीर किरकोळ. पण वाचायला उभ्या राहिल्या की वर्ग गप्प होई. लाकूडतोडीच्या तळांवर राबलेला मरो १९२६ मध्ये तिथे शिकायला आला आणि १९३० मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. मधल्या काळात बाईंनी त्याचा आवाज घडवला. वाक्य कुठे तोडायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्यांनी त्याच्याकडून पुन्हापुन्हा वाचून घेऊन शिकवलं. मरोला त्या आपली सर्वोत्तम कृती म्हणत. मरोनेही होणाऱ्या पत्नीला, जॅनेटला, लिहिलेल्या पत्रात बाईंचं ऋण मनापासून मान्य केलं आहे. पुढे तब्येत ढासळली, नजर अधू झाली, नोकरी सुटली. तरी शिष्याची लंडनहून येणारी बातमीपत्रं त्या ऐकत राहिल्या. विरामाची सूचना त्या ऐकण्यातूनच आली. १९४१ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी त्या गेल्या.

ते कॉलेज आज विद्यापीठ आहे आणि त्याच्या संज्ञापन महाविद्यालयाला मरोचं नाव आहे. बाई मात्र बहुतेकांना भेटतात त्या मरोच्या चरित्रांतून. प्रसारणाच्या शिक्षकाची ही अडचणच आहे: त्याचं काम दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतं.

म्हणूनच अशा शिक्षकांच्या नावाने विद्यार्थी शिष्यवृत्ती ठेवतात, ते मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत याची रीत साधी आहे. जमलेली मूळ रक्कम मोडायची नाही. गुंतवणुकीच्या उत्पन्नातून ठेवीच्या ठरावीक टक्के रक्कम दरवर्षी द्यायची. २५ हजार डॉलरची ठेव असेल आणि ४ टक्के द्यायचे ठरले, तर वर्षाला एक हजार डॉलर. रक्कम मोठी नाही. पण एखाद्या मुलीला संध्याकाळची नोकरी सोडून कॉलेजच्या रेडिओ केंद्रावर बातम्या वाचायला बसता येतं. माझ्या मते प्रसारणाच्या शिष्यवृत्तीचा हाच खरा उपयोग. माइकसमोर बसल्याशिवाय हे काम येत नाही, आणि बसायला वेळ लागतो.

त्रुटी एकच. वीसेक वर्षांत शिक्षकाला ओळखणारे पांगतात आणि नाव अर्जाच्या मथळ्यापुरतं उरतं. पैसे घेणाऱ्याला, ते ज्याच्या नावाने मिळाले त्या शिक्षकाची शिकवण ठाऊकच नसते. आपल्याकडच्या ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ पारितोषिकांचंही बहुधा हेच होतं.

आपल्या सरांच्या किंवा बाईंच्या नावाने ठेव ठेवणाऱ्यांना एवढीच विनंती: पैशांबरोबर चार पानं लिहून ठेवा. ते वर्गात काय करून घेत, कशावर रागावत, कुठे थांबायला सांगत. जमलं तर आवाजही ध्वनिमुद्रित करा. आणि शिष्यवृत्तीचा धनादेश देताना ती पानं त्या मुलाच्या हाती द्या.