आंबट ओळखता येते, चुना ओळखता येत नाही

इफ्तारच्या दस्तरखानावर लिंबाचे सरबत असते, माशाच्या कालवणात कोकम किंवा चिंच असते. ही सगळी निसर्गाने दिलेली आम्ले. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक. आम्ल जिभेला लगेच कळते, कारण ते आंबट असते. लहान मूलही तोंड वाकडे करून घोट थुंकून टाकते.

आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ म्हणजे आम्लारी. खाण्याचा सोडा, पापडखार, लाकडाची राख आणि पानाचा चुना हे त्यातले. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्कली म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ‘अल-कली’वरून आला. त्याचा अर्थ वनस्पतींची राख. आपल्या आजी-नानी राखेने भांडी घासत, त्यामागचे रसायनशास्त्र हेच. अल्कली तेलकटपणा तोडते.

आम्लारी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. हळदीचा डाग पडलेला कपडा साबणाने धुतला की डाग लाल होतो आणि लिंबू लावले की पुन्हा पिवळा. स्वयंपाकातही हा फरक दिसतो. चणे भिजवताना चिमूटभर सोडा घातला तर लवकर शिजतात. डाळीत चिंच आधीच घातली तर ती शिजता शिजत नाही. म्हणून आंबट नेहमी डाळ मऊ झाल्यावर घालावे.

डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये हे मोजण्यासाठी पीएच मापन सुचवले. शुद्ध पाणी ७, लिंबाचा रस २ च्या आसपास, खाण्याच्या सोड्याचे पाणी ८ च्या थोडे वर. चुन्याची निवळी मात्र १२ च्या वर जाते. या मापनात प्रत्येक पायरी दहापटीची असते. म्हणजे सोडा आणि चुना एकाच जातीचे असले, तरी त्यांच्या ताकदीत हजारो पटींचा फरक आहे.

खरी काळजी इथेच घ्यायची. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक स्टेशनबाहेर पानाची टपरी आहे आणि अनेक घरांत चुन्याची पुडी किंवा ट्यूब उघड्यावर पडलेली असते. मुले ती खेळणे समजून दाबतात. ती फुटली की चुना थेट डोळ्यात जातो. आम्लाने डोळ्याच्या वरच्या थरातली प्रथिने गोठतात, त्यामुळे ते बहुधा आत जायला अडते. अल्कली मात्र पेशींवरचे स्निग्ध आवरण विरघळवत खोल शिरते. म्हणून चुन्याने नजर कायमची जाऊ शकते.

असे घडले तर एक क्षणही न दवडता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा. निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहा. चोळू नका. दूध, गुलाबपाणी, सुरमा काही घालू नका. चुना आम्लारी आहे म्हणून लिंबू पिळण्याची चूक तर मुळीच करू नका. दोन्ही एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि डोळ्याला दुहेरी इजा होते. धुऊन झाल्यावर लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. पापणीखाली अडकलेले कण डॉक्टरच काढू शकतात.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे आपण सहज धरून चालतो. चुनाही नैसर्गिकच आहे. आज घरात पानदान असेल, तर त्यातला चुना मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा.