विंचू उतरला, की उतरायचाच होता?

भंडारदऱ्याच्या पाणलोटात मृगाचा पाऊस स्थिरावला की आवणीची घाई सुरू होते. रतनवाडी, साम्रद, घाटघरच्या खाचरांत माणसं दिवसभर वाकून राबतात. बिळांत पाणी शिरलं की साप-विंचूही बाहेर पडतात आणि बांधावर, गोठ्यात, पेंढ्याखाली, लाकूडफाट्यात आसरा शोधतात. दंश हे इथलं दरवर्षीचं दुखणं आहे, आणि त्याभोवतीच्या समजुतीही दरवर्षी पुन्हा ऐकू येतात. विंचू भगत उतरवतो. काळी इंगळी सगळ्यांत वाईट. पान लागलं, म्हणजे साप चावला, तर हातपाय करकचून बांधावा. दवाखान्यातल्या संशोधनाचा विषय निघालाच, तर ते म्हणजे गरिबांवर प्रयोग. यावर अडाणीपणाचा शिक्का मारणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. या समजुतींमागे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे. मात्र अनुभव खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो, आणि ती चूक पकडण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे रोग्याच्या खाटेशेजारी केलेलं पद्धतशीर संशोधन.

भगताकडे गेलेली बहुतेक माणसं बरी होतात, ही गोष्ट खरी आहे. पण कारण मंत्रात नाही. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. विंचवाच्या दंशांत बहुतेकदा नुसती जबर आग होते आणि ती काही तासांनी, फार तर दिवसाभरात ओसरते. अशा माणसावर मंत्र टाकला, पाला बांधला किंवा त्याला नुसतं ओट्यावर बसवून ठेवलं, तरी तो बराच होणार. म्हणून ‘तो बरा झाला’ एवढं पुरेसं नाही. हा उपाय केला नसता तर काय झालं असतं, हे विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर एका रोग्याकडे पाहून मिळत नाही. सारख्याच अवस्थेतले दुसरे रोगी शेजारी ठेवून पाहावे लागतात. शिवाय जे दगावतात ते ‘आणायला उशीर झाला’ या खाती जमा होतात आणि उपायाचं नाव अबाधित राहतं. घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करून झालेला देशव्यापी अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतले तीन चतुर्थांशाहून अधिक दवाखान्याबाहेरचे होते. पुढे २०२० च्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळातला आकडा १२ लाखांच्या घरात नेला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. भगताच्या यशाच्या हिशेबात ही माणसं कधी धरली जात नाहीत.

डॉक्टरही याच चुकीतून गेलेले आहेत, आणि ती कशी सुधारली हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं. १९७० च्या दशकात लाल विंचू चावून दवाखान्यात आलेल्या गंभीर रोग्यांपैकी बरेच दगावत. तेव्हा स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिनसारखी औषधं दिली जात, आणि काही रोगी वाचतही, त्यामुळे उपचार बरोबरच वाटे. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्यांनी रोग्यांजवळ बसून नोंदी ठेवल्या: आधी दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि मग काही तासांत हृदय थकून फुप्फुसात पाणी. १९८२ साली ही लक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. विंचवाचं विष चेतातंतूंना अनावर उत्तेजित करतं, अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध हवं, या तर्काने त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरली आणि १९८६ मध्ये तेही प्रसिद्ध केलं. ही गोळी आल्यावर गंभीर रोग्यांतलं मृत्यूचं प्रमाण कित्येक पटींनी खाली आलं.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची पायरी. विंचवावरची प्रतिविष लस मिळू लागल्यावर, आपली गोळी पुरेशी आहे असं म्हणून ते थांबले नाहीत. महाडला ७० रोगी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले गेले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण सावरलेले रोगी पहिल्या गटात ८ होते, दुसऱ्यात ३२. हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. स्वतःच शोधलेल्या उपायाची अशी परीक्षा घेणं, हे संशोधनाचं सगळ्यांत प्रामाणिक रूप आहे.

गरिबांवर प्रयोग होतात, या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे. त्या चाचणीत कुणालाही उपचाराविना ठेवलं नव्हतं. त्या वेळचा सर्वांत चांगला उपचार दोन्ही गटांना मिळालाच. तरीही आक्षेप पूर्णपणे झटकून टाकू नये. देशात संमतीशिवाय आणि अर्धवट माहितीवर चाचण्या झाल्याच्या तक्रारी गाजलेल्या आहेत. म्हणूनच २००९ पासून चाचणीची आधी सार्वजनिक नोंद बंधनकारक झाली आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. नैतिकता समितीची मंजुरी, आपल्या भाषेत समजावून घेतलेली संमती आणि मध्येच बाहेर पडण्याची मुभा हे रोग्याचे हक्क आहेत. आणि एक उलटा प्रश्नही विचारायला हवा: ज्या उपायाची कधी परीक्षाच झाली नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत राहणं हाही प्रयोगच नाही का? फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

रोग्यांच्या खाटेशेजारी ठेवलेल्या नोंदींनी मात्र कितीतरी गोष्टी उलट ठरवल्या. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असली तरी जिवावर बेततो तो लहानसा लाल विंचू, विशेषतः मुलांच्या. नुसती आग होणारा रोगी बहुधा सुरक्षित असतो. घाम, उलट्या आणि गार हातपाय ही खरी धोक्याची घंटा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा सूज नाही, वेदना नाही, कधी दाताची खूणही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजतात. घोणस आणि फुरसं चावल्यास रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची चाचणी तालुक्याच्या दवाखान्यातही होते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो. साप मारून आणायचीही गरज नाही, कारण आपली सर्पदंशावरची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही एकच आहे.

‘लस देऊनही माणसं दगावतात’ हेही खरं. लस रक्तात फिरणारं विष निकामी करते, झालेली इजा भरून काढत नाही. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडल्यावर नुसत्या लसीने भागत नाही, कृत्रिम श्वास लागतो. काहींना लसीची तीव्र रिअ‍ॅक्शन येते, म्हणून ती अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून दवाखान्यातच द्यावी लागते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापडा या विषारी सापासाठी ही लस बनवलेली नाही, आणि लसीसाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं असल्याने प्रांताप्रांतातल्या फरकावर अजून संशोधन चालू आहे. या मर्यादा आपल्याला ठाऊक आहेत त्या संशोधनामुळेच. पण दवाखान्यातल्या अनेक मृत्यूंचं कारण साधं आहे: आधीचे काही तास दुसरीकडे गेले.

म्हणून या पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर एवढं व्हावं. दंश झालेल्याला चालवू नका, चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून राजूरच्या किंवा अकोले गावच्या दवाखान्याची वाट धरा. भगतांना शत्रू मानू नका, कारण लोक आधी त्यांच्याचकडे जातात. ‘आधी दवाखाना, मग माझ्याकडे’ एवढं त्यांच्या तोंडून आलं तर जीव वाचतील. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं. मण्यारीपासून तीही वाचवते.